एक दांडा की दोन : पलूसच्या शिवारातील ट्रॅक्टर-स्टिअरिंगचा मागोवा

पलूस तालुक्यातील यांत्रिक शेतीचा मागोवा 1910 पासून घ्यावा लागतो, कारण त्या वर्षी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकालगतच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि आजच्या किर्लोस्करवाडीतून लोखंडी नांगर शिवारात पोहोचू लागले. त्या नांगराची दिशा बैलांच्या कासऱ्यावर आणि रुमण्यावरच्या हातावर ठरत असे. पुढे ट्रॅक्टर आल्यावर हे काम लोखंडी दांड्यांकडे गेले आणि पुढची दोन चाके वळवण्यासाठी असा दांडा एक पुरेसा आहे की दोन हवेत, हा प्रश्न उभा राहिला.

एकेरी रचनेत स्टिअरिंगच्या गिअरबॉक्समधून एकाच बाजूला ड्रॉप आर्म, म्हणजे पुढेमागे झुलणारा आखूड दांडा, बाहेर येतो. तो ड्रॅग लिंक नावाच्या लांब दांड्याने त्या बाजूचे चाक वळवतो आणि दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड ती हालचाल पलीकडच्या चाकापर्यंत नेतो. भाग थोडे असल्यामुळे दुरुस्ती सोपी होते. मात्र सगळा भार एकाच साखळीवर येतो आणि पिकाच्या ओळींप्रमाणे पुढच्या चाकांतील अंतर बदलले की टाय रॉडची लांबीही नव्याने जुळवावी लागते.

या अडचणीवर हॅरी फर्ग्युसन यांच्या रचनेने उत्तर शोधले. 1946 पासून कॉव्हेंट्रीत तयार होऊ लागलेल्या टीई 20 ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना ड्रॉप आर्म होते, प्रत्येक चाकाला स्वतंत्र ड्रॅग लिंक होती आणि आस मागे झुकवलेली असल्यामुळे अंतर बदलले तरी चाकांची दिशा बिघडत नसे. 1960 साली चेन्नईत स्थापन झालेल्या टॅफेच्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांतून ही दुहेरी परंपरा भारतीय शेतकऱ्याच्या परिचयाची झाली.

तथापि दुसरा दांडा म्हणजे दुप्पट ताकद नव्हे, कारण चाक फिरवणारे चालकाचे हात तेवढेच असतात. त्याने भार विभागला जातो, तोही दोन्ही ड्रॅग लिंकांची लांबी नीट जुळलेली असेल तरच. ती जुळली नाही, तर दोन्ही चाके एकमेकांशी झगडतात, टायर घासतात आणि बॉल जॉइंटमध्ये प्ले, म्हणजे सैलपणा, येतो. पेट्रोल इंजिनावर धावणाऱ्या, मूळ गाडीच्या एक पंचमांश आकाराच्या दूरनियंत्रित बग्गीतही हाच नियम दिसतो : तिची चाके सर्व्हो, म्हणजे आज्ञेप्रमाणे ठरावीक कोनात फिरणारी दातेरी चक्रांची मोटर, वळवतो; कमी ताकदीच्या एका सर्व्होच्या जागी दोन बसवता येतात, परंतु त्यांचा मध्यबिंदू एका दात्याने जरी चुकला तरी ते परस्परांना ढकलतात, तापतात आणि बॅटरी खातात. म्हणूनच पुरेशा ताकदीचा एकच सर्व्हो मिळू लागल्यावर तोच अधिक सुटसुटीत ठरतो.

ट्रॅक्टरचा प्रवासही त्याच दिशेने झाला. पॉवर स्टिअरिंगमध्ये तेलाचा दाब सिलिंडरमधील दट्ट्या ढकलतो. अनेक रचनांत आसेवर बसवलेला एकच दुहेरी क्रियेचा सिलिंडर दोन्ही दिशांना काम करतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना दांडा असला तर डावीकडे व उजवीकडे वळण्याचा जोर समान राहतो.

पलूसच्या शिवारात या निवडीची कसोटी दोन ठिकाणी लागते. गळीत हंगामात कुंडलच्या क्रांतिअग्रणी साखर कारखान्याकडे उसाच्या जड ट्रॉल्या ओढताना मागचा भार पुढची चाके उचलू पाहतो, आणि जमिनीवरची पकड सुटलेल्या चाकाला एक दांडा असो वा दोन, वळवण्याचा उपयोग होत नाही. तेथे पुढे वजने लावणे आणि ट्रॉलीतील भार मर्यादेत ठेवणे हाच उपाय उरतो. द्राक्षबागेच्या अरुंद ओळींत मात्र चाक पुरते वळणे आणि सांध्यांत प्ले नसणे महत्त्वाचे असते. म्हणून दांड्यांची संख्या मोजण्यापूर्वी पुढच्या चाकांवर किती भार येतो, तो कोठून येतो आणि सांधे जुळवून ठेवण्याची तजवीज आहे का, हे पाहणेच शहाणपणाचे ठरते.