हाताजोगते रणांगण

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जेथून सुरू होतो त्या कळंबोलीत, सिडकोने वसविलेल्या वसाहतीच्या लहानशा घरांतून आणि पलीकडे लोखंड बाजारात माल चढण्याची वाट पाहत खोळंबलेल्या ट्रकांच्या केबिनमधून, संध्याकाळच्या वेळी फोन आडवा धरून, मान किंचित खाली घालून, एकाग्र झालेली तरुण मंडळी हटकून दृष्टीस पडतात. आणि त्याच मार्गाने गेल्यास जे पुणे लागते, तेथे सुपरगेमिंग नावाच्या कंपनीने अशा मंडळींसाठी आधी ‘मास्कगन’ हा अनेकांनी मिळून खेळण्याचा नेमबाजीचा खेळ आणि नंतर, १६ ऑक्टोबर २०२४ रोजी, ‘इंडस’ हा भारतीय कल्पनासृष्टीतला युद्धखेळ बाजारात आणला. खेळणारा आणि खेळ घडविणारा इतक्या जवळ असूनही या खेळांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते, तो म्हणजे बंदी घालावी की घालू नये. जानेवारी २०१९ मध्ये अकरा वर्षांच्या एका मुलाने आपल्या आईमार्फत ‘पबजी’ या युद्धखेळावर बंदी मागणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल केली होती. तो प्रश्न गैरलागू आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या वस्तूचा निवाडा करावयाचा, तिच्यात खेळणारा नेमके काय करतो हे समजून घेतल्यावाचून निवाडा करणे न्यायाला धरून होत नाही. आणि तो काय करतो हे समजण्याची सर्वांत चांगली जागा रणांगण नसून, खेळातले सेटिंगचे पान ही होय.

‘पबजी’च्या जातीच्या खेळात साधारण शंभर जण एका निर्जन बेटावर उतरतात. ‘पबजी’तील एरांगेल नावाचा नकाशा आठ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद आहे. शस्त्रे शोधायची, आकसत जाणाऱ्या वर्तुळाच्या आत राहायचे आणि शेवटपर्यंत तग धरायचा, एवढाच नियम. हे सारे सहा-साडेसहा इंची काचेवर चालते, आणि त्याच काचेवर चालणे, वाकणे, उडी मारणे, नेम धरणे, गोळी झाडणे, काडतुसे भरणे या प्रत्येक क्रियेचे बटण असते. ही बटणे कोठे असावीत, केवढी असावीत, किती पारदर्शक असावीत, हे ठरविण्याची संपूर्ण मुभा खेळणाऱ्याला असते. नवखा खेळाडू कंपनीने दिलेल्या मांडणीवर दोन अंगठ्यांनी खेळतो, आणि त्यात एक मूलभूत अडचण दडलेली असते: उजव्या अंगठ्यानेच नेम फिरवायचा आणि त्याच अंगठ्याने गोळीही झाडायची, म्हणजे एक काम करताना दुसरे थांबते. म्हणून काही दिवसांतच तो गोळीचे बटण वरच्या डाव्या कोपऱ्यात नेतो, तर्जनी वाकवून काचेवर टेकवतो आणि तीन किंवा चार बोटांनी खेळू लागतो. पंजासारख्या या बैठकीला मुले ‘क्लॉ’ म्हणतात. कोकणच्या दमट हवेत बोटांना घाम येऊन ती काचेवर अडखळतात, यावरही उपाय निघाला आहे. बोटांत घालावयाच्या पातळ कापडी टोप्या, ज्यांना ‘फिंगर स्लीव्ह’ म्हणतात, त्या बाजारात मिळतात.

पण बटणांची मांडणी ही केवळ पहिली पायरी. खरा रियाज सुरू होतो तो ‘सेन्सिटिव्हिटी’च्या आकड्यांपाशी, आणि येथे मला थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण या खेळांतील कौशल्य म्हणतात त्याचा गाभा येथे आहे. बोट काचेवर एक सेंटिमीटर सरकले तर खेळातील नजर किती अंशांनी वळावी, याचे ते प्रमाण. प्रमाण मोठे ठेवले तर पाठीमागून हल्ला करणाऱ्याकडे चटकन वळता येते, पण दूरच्या शत्रूवर नेम स्थिर राहत नाही. लहान ठेवले तर नेम स्थिर राहतो, पण वळण्यास उशीर होतो. शिवाय लागोपाठ गोळ्या झाडताना बंदुकीची नळी वर उचलली जाते, आणि तो धक्का आवरण्यासाठी बोट हळूहळू खाली ओढत राहावे लागते. म्हणून नुसते पाहताना, दुर्बिणीतून नेम धरताना आणि प्रत्यक्ष गोळी झाडताना लागणारे प्रमाण वेगवेगळे, आणि दोनपट, चारपट, आठपट अशा प्रत्येक दुर्बिणीसाठी पुन्हा वेगळे. त्यात ‘जायरो’ची भर पडते: फोनच्या पोटात त्याचे फिरणे मोजणारा एक सूक्ष्म संवेदक असतो, तो खेळाला जोडला की काचेवर बोट न ओढता फोनच किंचित कलवून नेम साधता येतो, आणि ज्याला ही विद्या साधली त्याच्या मनगटाचे काम बोटांपेक्षा नेमके होते. प्रसिद्ध खेळाडूंच्या आकड्यांचे सांकेतिक क्रमांक मुले एकमेकांना देतात आणि ते एका क्षणात आपल्या फोनमध्ये उतरवून घेतात. परंतु उसन्या आकड्यांवर खेळ क्वचितच फळतो, कारण ते आकडे ज्या हाताच्या पंजासाठी, ज्या फोनच्या वजनासाठी आणि ज्या काचेच्या गुळगुळीतपणासाठी ठरले, ते सारे आपल्याजवळ नसते. सरावाच्या मैदानात भिंतीवर गोळ्या झाडून त्यांच्या छिद्रांचा पसारा निरखणे, एक आकडा कमी करणे, पुन्हा झाडणे, हा चिकाटीचा उद्योग अभ्यासात चंचल म्हणून बोलणी खाणारी मुले तासन्‌तास करतात. त्यांच्या चिकाटीचा मला मनापासून आदर वाटतो.

फोनच्या ऐपतीचा प्रश्नही याच पानावर सुटतो. चित्रे सुंदर ठेवावीत की वेगवान, ही निवड जवळजवळ सर्वच गंभीर खेळाडू एका दिशेने करतात: गवताची पाती, सावल्या, पाण्याची चकाकी यांचा त्याग करून ते सेकंदाला अधिक चित्रे घेतात. सेकंदाला तीस चित्रे असतील तर दोन चित्रांत सुमारे ३३ सहस्रांश सेकंदांचे अंतर पडते, साठ असतील तर सुमारे १७, आणि शत्रू दाराआडून डोकावतो त्या क्षणी एवढ्या अंतरानेही निकाल फिरतो. मात्र ‘पिंग’, म्हणजे फोनवरून सर्व्हरकडे संदेश जाऊन परत येण्यास लागणारा वेळ, ही गोष्ट सेटिंगच्या हाती पूर्णपणे नसते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे खेळाचा सर्व्हर सिंगापुरात असेल तर संदेशाच्या नुसत्या जाण्या-येण्यात ४० सहस्रांश सेकंद खर्च होतात, आणि तो मुंबई परिसरात असेल तर हा खर्च नगण्य होतो. २०२० साली पनवेलजवळ योट्टा कंपनीचे भव्य डेटा सेंटर सुरू झाले. असली केंद्रे बँकांच्या आणि सरकारच्या कामासाठी उभी राहतात हे खरे, तरी सर्व्हर घराजवळ येण्याचा लाभ अखेर गेम खेळणाऱ्या पोरालाही पोहोचतो.

ज्याला लाल-हिरवा भेद कळत नाही, अशा खेळाडूसाठी रंग बदलून घेण्याची सोय ‘पबजी’च्या घराण्यात आहे. हा दोष पुरुषांत अधिक आढळतो, आणि अनेकांना तो आपल्याला आहे याची वार्ताही नसते. ज्या रणांगणात हिरव्या झुडपातला माणूस ओळखणे हेच जगणे-मरणे, तेथे ही सोय म्हणजे बरोबरीचा हक्क होय.

मांडणी बदलण्याची मुभा कंपन्यांनी उदार होऊन दिलेली नाही; ती खेळणाऱ्यांनी स्वतःच्या हातांनी मिळविली आहे. १९९७ साली अमेरिकेत ‘क्वेक’ या खेळाच्या स्पर्धेत डेनिस फाँग या तरुणाने खेळाच्या निर्मात्याची फेरारी मोटार बक्षीस म्हणून जिंकली. डावा हात कीबोर्डच्या चार अक्षरांवर आणि उजवा माउसवर, ही त्याची मांडणी. तिची इतकी नक्कल झाली की पुढच्याच वर्षी आलेल्या ‘हाफ-लाइफ’ने तिलाच मूळ मांडणी म्हणून स्वीकारले. त्या ‘हाफ-लाइफ’मध्ये मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये फेरफार केले, त्यातून ‘काउंटर-स्ट्राइक’ जन्मास आला, ज्याने आपल्या शहरांतील सायबर कॅफे एके काळी गजबजवून टाकले. खुद्द ‘पबजी’चे मूळ ब्रेंडन ग्रीन या आयरिश गृहस्थाने दुसऱ्याच्या खेळात केलेल्या बदलांत आहे. आज मुले ‘कस्टम रूम’ उघडून फक्त एकाच जातीच्या बंदुकीने खेळायचे, असे स्वतःचे कायदे करतात, ते गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा, एक हात आउट’ ठरविण्यासारखेच आहे: जागा अपुरी, साधने तुटपुंजी, म्हणून नियम आपल्या सोयीचे.

याच मुभेच्या आडून पैसा मात्र आत शिरतो. बंदुकीवरचे नक्षीदार आवरण, पात्राचा पोशाख, म्हणजे ज्यांना ‘स्किन’ म्हणतात त्या वस्तू विकत घेता येतात, आणि त्या केवळ शोभेच्या राहतील तोवर त्यांस हरकत घेण्याचे कारण नाही. हौसेला मोल असते. परंतु ज्या खेळात पैसे मोजून अधिक मारक शस्त्र मिळते, तेथे कळंबोलीच्या मुलाने सरावाच्या मैदानात घालविलेले तास कवडीमोल होतात. मांडणी बदलण्याची मुभा जेवढी विशाल असेल तेवढी चांगली, आणि बळ विकत घेण्याची मुभा मुळीच नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारनेही या खेळांच्या बाबतीत आपले हुकूम वापरले आहेत. २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ ॲप्सवर बंदी आली, त्यांत ‘पबजी मोबाइल’ही होता, २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अदृश्य झाला, आणि मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या परीक्षणाच्या बोलीवर पुन्हा दाखल झाला. त्या वेळी अठरा वर्षांखालील खेळाडूस दिवसाला तीन तासांची आणि इतरांस सहा तासांची मर्यादा घातली गेली. ही मर्यादा मला योग्य वाटते. मात्र तीन तासांनी खेळ बंद करणारे यंत्र, त्या तीन तासांत मूल काय शिकले हे पाहत नाही. ते पाहणे घरच्यांचे काम आहे.

पुण्यातल्या निर्मात्यांकडून माझी अपेक्षा मोठी आहे. ‘इंडस’मध्ये त्यांनी विरलोक नावाचे बेट कल्पिले, आणि सर्वांना मारून उरणे या एकाच मार्गाऐवजी कॉस्मियम हे दुर्मिळ द्रव्य अखेरच्या टप्प्यात हस्तगत करूनही जिंकता येईल अशी तजवीज केली, खेळाची रीतच बदलण्याचे हे धैर्य स्तुत्य आहे. तेच धैर्य त्यांनी सेटिंगच्या पानावरही दाखवावे: ते पान शुद्ध, सोप्या मराठीत द्यावे, प्रत्येक आकडा बदलल्याने काय होते हे तेथेच दोन ओळींत सांगावे, आणि साध्या, स्वस्त फोनवर खेळणाऱ्यासाठी वेगळी मांडणी आधीच तयार ठेवावी. आणि आई-वडिलांना विनंती अशी, की मुलाच्या हातून फोन काढून घेण्यापूर्वी एकदा त्याच्याजवळ बसून त्याला ते पान उघडायला सांगा, आणि कोणते बटण त्याने कोठे आणि का हलविले हे त्यालाच विचारा.