जुन्या लोहातून नवं रक्त

रक्ताला लाल रंग येतो हिमोग्लोबिनमुळे. लोह आणि प्रथिनं वापरून हाडांतल्या मज्जेत ते तयार होतं आणि सगळ्या अंगाला प्राणवायू पोचवतं.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली, तरी शरीर तिच्यातलं लोह फेकत नाही. जुना दागिना मोडून नवा घडवावा, तसं तेच लोह नव्या रक्ताला वापरतं. म्हणून अन्नातून रोज एक-दोन मिलिग्रॅम लोह अंगी लागलं तरी भागतं.

पण पाळीत, बाळंतपणात रक्त जातं, त्याबरोबर लोहही जातं. आधी साठा संपतो, मग हिमोग्लोबिन उतरतं. धाप लागते, हातपाय गळतात. हा आळस नव्हे, बायांनो!

पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा. जेवणालगत चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. हिमोग्लोबिन १२च्या खाली, गरोदरपणी ११च्या खाली असेल, तर नुसत्या भाजीवर भागत नाही. आशाताईंना, डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या घ्या. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, ते गोळीमुळे होतं. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. साठा भरायला काही महिने लागतात.