‘काय, कसं काय?’

असे विचारणाऱ्याला वृत्तान्त नको असतो. ‘बरं चाललंय’ एवढी पोच पुरते. अनेक स्वमग्न व्यक्तींना मात्र हा प्रश्न खरा वाटतो. प्रकृतीविषयी सांगावे की कामाविषयी, किती सांगावे, नजर कोठे ठेवावी, या हिशेबातच त्या थकतात. आणि आपण त्यांना तुसडे ठरवून मोकळे होतो! जुन्या नाण्यांसारखा आवडीचा विषय निघाला, तर तीच व्यक्ती तासभर रंगून बोलते.

ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. ही अडचण दुहेरी आहे, असे त्यांनी २०१२ साली मांडले. आपण त्यांना उमगत नाही, तसे तेही आपल्याला उमगत नाहीत; दोष मात्र एकाच्याच खाती जमा होतो.

‘पासबुक भरून हवे आहे का?’ या प्रश्नाला बहुधा नेमके उत्तर मिळते.