ओळीवर बोट ठेवून

सहावी ते आठवीच्या पोरांना मराठीच्या तासाला नेमकं काय शिकवायचं, असं कुणी विचारलं तर गेली चाळीस वर्षं माझं उत्तर एकच आहे : ओळीवर बोट ठेवायला. ‘तू हे कशावरून म्हणतोस?’ असं विचारल्यावर मुलानं पुस्तक उघडावं, ओळ शोधावी आणि तिच्यावर बोट टेकवावं. उत्तर बरोबर की चूक हे त्यानंतर बघू. बोट टेकलं की वाचन सुरू झालं, असं मी मानतो. १९७९ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत रुजू झालो आणि २०१३ साली निवृत्त झालो. मधल्या काळात पुस्तकं बदलली, परीक्षेचे नमुने बदलले, साहेब बदलले. या आग्रहात मात्र मला बदल करावासा वाटला नाही.

मराठी वाचनपाठांचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात रेंगाळत नाही. मेजर कँडींनी क्रमिक पुस्तकांतून मराठीला विरामचिन्हांची शिस्त लावली. पूर्णविराम कुठं पडतो हे कळलं तरच वाक्याचा अर्थ लागतो, त्यामुळे आकलनाच्या शिक्षणाचा पहिला मान मी त्यांना देतो. पुढं आचार्य अत्र्यांच्या नवयुग वाचनमालेनं धड्यांत हसू आणि ओलावा आणला. स्वतः शाळेचे मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाचं ते काम होतं, आणि ते जाणवत होतं. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली आणि खेड्यातल्या नि शहरातल्या पोरांच्या हातात एकच पुस्तक आलं. धड्याखालचा ‘स्वाध्याय’ हा शब्द तेव्हापासून घरोघरी पोचला.

त्या जुन्या स्वाध्यायांची आज टिंगल होते. ‘कोण कोणास म्हणाले’, ‘गाळलेल्या जागा भरा’, ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ यांची झाली तर मला वाईट वाटत नाही. पण त्यांच्याच पंगतीत ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ बसवलं जातं, तेव्हा मी हटून बसतो. एक वाक्य दिलेलं असे. ते कुठल्या धड्यातलं, कुणाच्या तोंडचं, कुठल्या प्रसंगी आलेलं, आणि त्या जागी त्याचा अर्थ काय, हे मुलानं लिहायचं. म्हणजे वाक्य उचलून परत त्याच्या घरी नेऊन पोचवायचं. वाङ्मयाच्या अभ्यासाचं मूळ याहून वेगळं काय असतं? पाठांतराच्या गाईडांनी तो प्रश्न नासवला हे खरं. पण गाईड नासवतं म्हणून प्रश्नच काढून टाकायचा, हा न्याय मला कधी पटला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो तिकडं येतो. साल १९८६, आठवीचा वर्ग, बालकवींची ‘औदुंबर’. आठच ओळींची कविता, पण तिचा अर्थ लावताना मराठीतल्या जाणत्या समीक्षकांत पिढ्यानपिढ्या एकमत झालेलं नाही. मी ती फळ्यावर लिहिली आणि कवीचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. ही युक्ती माझी नव्हे. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं झाकून कविता दिल्या होत्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ च्या पुस्तकात छापले होते. नाव झाकल्यावर भल्याभल्या विद्यार्थ्यांना कवितेचा साधा वाच्यार्थही लागत नाही, हे त्यांत दिसलं. हे बी.एड.ला असताना वाचलेलं मनात राहिलं होतं.

पहिलं वाचन मी केलं. दुसरं मुलांनी मनातल्या मनात केलं. तिसऱ्या वाचनाला अट घातली : बोलायचं ते ‘या ओळीत’ अशी सुरुवात करूनच. पहिला प्रश्न साधा होता. बघणारा उभा कुठं आहे? रोज धुणं घेऊन नदीवर जाणारी एक मुलगी म्हणाली, ‘सर, झऱ्यावर उभं राहून पलीकडचं गाव, शेतं, वाट असं सगळं एकदम दिसत न्हाई. त्यो उंचावर असणार.’ मग मी रंगांची यादी करायला सांगितली. निळा, हिरवा, पांढरा, काळा. यादी बघून एकजण म्हणाला, ‘वाट हिरव्यातनं काळ्यात जाती.’ कवितेची सगळी चाल त्यानं एका वाक्यात पकडली होती. तिसऱ्या बाकावरचा एक कधी न बोलणारा मुलगा उठला : ‘गाव हाय, पर माणूस एक बी न्हाई.’ आम्ही आठही ओळी पुन्हा तपासल्या. खरंच नव्हता. पाण्यात पाय सोडून माणसासारखं बसलंय ते फक्त झाड.

पस्तीस मिनिटं संपत आली तेव्हा मी म्हटलं, आता तुम्ही मला प्रश्न विचारा. आकलनाच्या सरावातला हा भाग मला जिवापाड प्रिय आहे. मास्तरनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुठंतरी तयार असतं, हे मुलाला माहीत असतं. त्याच्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर मात्र शोधावंच लागतं. धुण्याला जाणाऱ्या त्याच मुलीनं विचारलं, ‘काळोखाला गोड का म्हटलंय?’ माझ्याकडं पुस्तकी उत्तर होतं. ते मी दिलं नाही. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. दोन दिवस तो तिथंच होता, दुसऱ्या विषयांच्या मास्तरांनीही पुसला नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर एक पोरगा घाम पुसत वर्गात आला आणि दारातूनच म्हणाला, ‘सर, कळलं. उन्हातनं घरात आल्यावर असतो तसला काळोख.’

त्या उत्तराला कुठल्या रुब्रिकमध्ये किती गुण बसतात, हे मला आजही सांगता येणार नाही. पण इतकं नक्की सांगतो की, त्या वर्गातल्या चाळीस मुलांना ‘विशेषण’ म्हणजे काय ते पुन्हा शिकवावं लागलं नाही.

असं वाचन म्हणजे कवितेची चिरफाड, असं म्हणणारा एक पंथ आहे. ‘कविता नुसती अनुभवू द्या, बारा वर्षांच्या पोराला कसलं विश्लेषण?’ हे मी सभांमधून ऐकलं आहे, आणि ऐकवणारे बहुतेक वेळा कॉलेजातले असत. त्यांना माझं सांगणं एवढंच की, बारा वर्षांचं पोर गोट्यांच्या डावात कोण खोटं बोललं ते पुराव्यासकट सिद्ध करतं. आई कुठल्या सुरात ‘हो’ म्हणाली यावरून ती जाऊ देणार की नाही, हे त्याला कळतं. अर्थ काढण्याची ताकद त्याच्यात असतेच, ती पुस्तकापुढं आली की आपण तिला गप्प बसवतो. सहावीत ‘श्यामची आई’मधला पोहण्याचा प्रसंग वाचताना एका मुलानं विचारलं होतं, ‘सकाळी मारलं, मग दही कशाला दिलं?’ आणि श्याम ते दही पटकन का घेत नाही, यावर वर्ग अर्धा तास भांडला. या भांडणानं साने गुरुजींची कथा मेली नाही. उलट त्या आठवड्यात ग्रंथालयातली प्रत कपाटात परत आलीच नाही.

पुढं कधीतरी पालिंचार आणि ब्राउन या अमेरिकेतल्या दोन संशोधिकांच्या १९८४ मधल्या अभ्यासाची माहिती मिळाली. वाचता येतं पण समजत नाही अशा सातवीच्या मुलांना त्यांनी चार गोष्टींची सवय लावली : वाचलेलं थोडक्यात सांगणं, प्रश्न काढणं, अडलेलं सोडवून घेणं आणि पुढं काय येईल याचा अंदाज करणं. मास्तरची जागा हळूहळू मुलांनी घ्यायची. मुलांची समज त्यातून चांगलीच वाढली. आपण खेड्यात आपल्या मतीनं करत होतो त्याला दुजोरा मिळाला, याचा त्या दिवशी झालेला आनंद मी लपवत नाही.

आपल्याकडं हे काम झालं नाही असं नाही. लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजनआनंद विद्यालय सुरू केलं. मूल आपल्या शब्दांत बोलू-लिहू लागणं हे तिथं शिकण्याच्या केंद्रस्थानी होतं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी घरच्या बोलीला कमी न लेखता वाचन-लेखन शिकवण्याची वाट पाडली. ‘न्हाई’ म्हणणाऱ्या मुलाला आधी ‘नाही म्हण’ असं सुधारत बसलं तर तो पुढचं वाक्य बोलतच नाही, हे आम्हाला अशा शाळांनी शिकवलं.

सरकारी टप्पे भराभर सांगतो. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि नोंदवह्या जाड झाल्या. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला, त्याच वर्षापासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होऊ लागला. शिष्यवृत्ती परीक्षा मध्यंतरी चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली. दहावीला २०१९ पासून प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, आणि तिची छाया बघता बघता खालच्या वर्गांवर पडली.

कृतिपत्रिकेचा हेतू चांगला होता. पाठांतर मोडायचं, मुलाला उताऱ्याकडं वळवायचं. तिच्यातल्या ‘स्वमत’ आणि ‘रसग्रहण’ या प्रश्नांचं मी स्वागतच केलं. पण आकृतिबंध, ओघतक्ते आणि चौकटी यांचं झालं काय, ते बघा. चौकटीतले दोन शब्द उताऱ्यात शोधायचे आणि शेजारचा तिसरा उचलून आणायचा. निवृत्तीनंतर एका वर्गात पाहुणा म्हणून गेलो असताना मी फळ्यावर लिहिलं, ‘झुंबळीच्या खरवड्यानं तीन धुंबरे झिपकले.’ खाली प्रश्न : धुंबरे किती? ते कुणी झिपकले? खरवडा कुठला? सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी गुण. यातल्या ‘तीन’ सोडून एकाही शब्दाला अर्थ नाही, हे मी सांगितल्यावर मुलं गोंधळून माझ्याकडं बघत राहिली. ‘आता उतारा न समजताही पास होता येतं, हे तुम्हाला समजलं,’ असं त्यांना म्हणालो, तेव्हा मागून एका मुलीनं विचारलं, ‘मग समजलं की नाही हे कसं कळणार?’ त्या तासातला खरा प्रश्न तोच होता, आणि तो तिनं विचारला.

समजल्याचा पुरावा कुठं लागतो, याचं एक उदाहरण सांगतो, म्हणजे हा सगळा कवितेचा लाड आहे असं कुणाला वाटायला नको. आमची पोरं शेतकऱ्यांची. एकदा मी कीटकनाशकाच्या रिकाम्या, धुतलेल्या डब्याचं लेबल वर्गात आणलं. त्यावर एक चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. त्या डब्यावरचा रंग हिरवा होता. मी विचारलं, हिरवा म्हणजे काय? ‘धोका नाही,’ सगळे एका सुरात म्हणाले. म्हटलं, ओळीवर बोट ठेवा. तशी ओळ कुठंच नव्हती. लाल, पिवळा, निळा, हिरवा ही विषारीपणाची उतरती भाजणी आहे. हिरव्यातही विष असतं, कमी असतं इतकंच. सिग्नलचा अर्थ पोरांनी डब्याला चिकटवला होता. आपल्या मनातलं मजकुरात वाचणं, ही आकलनातली सगळ्यात मोठी चूक. कवितेत तिची किंमत दोन गुण असते, शेतात ती जिवावर बेतू शकते.

आज काय दिसतं? वाचनाचा वेग घड्याळ लावून मोजला जातो. मिनिटाला किती शब्द, याचे तक्ते भिंतीवर लागतात. अडखळणाऱ्या लहान मुलासाठी ती मोजणी उपयोगाची असेल, पण सातवीच्या मुलीनं एखाद्या शब्दापाशी थांबून मान वर केली तर घड्याळ तिला मागास ठरवतं. मी त्याच थांबण्याची वर्षभर वाट बघत असे. वा. गो. आपट्यांनी १९०६ मध्ये काढलेला ‘आनंद’, नंतरचा ‘चांदोबा’ या मुलांच्या मासिकांवर पोरं पूर्वी तुटून पडत. ‘चांदोबा’ बंद पडला. १९७१ पासूनचा ‘किशोर’ टिकून आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं सगळ्यांसाठी खुले केले आहेत. पण किती शाळांत ते उघडले जातात? कवितेचं रसग्रहण आता फोनला विचारलं की तयार मिळतं, शुद्ध भाषेत, परीक्षेला लागणाऱ्या सगळ्या मुद्द्यांसह. त्यात एकच गोष्ट नसते : उन्हातनं घरात आलेला पोरगा.

तरुण शिक्षक भेटले की मी त्यांच्याकडं एवढंच मागतो. वर्षातून एक कविता आणि एक उतारा असा घ्या, की ज्यावर परीक्षेत काही येणार नाही. त्याला तीन तास द्या. नाव झाका, गाईड बाहेर ठेवा, बोलीला अडवू नका. आणि एखाद्या मुलानं तुम्हाला उत्तर न येणारा प्रश्न विचारला, तर तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुसू नका. दोन दिवस लागतील, कदाचित आठवडा लागेल. मधल्या सुट्टीनंतर दाराकडं लक्ष असू द्या.