दोन कूपनांची भेट

भेटवस्तू घ्यायची आपली रीत सरळ असते. पाकिटात पैसे किती आहेत ते पाहायचे आणि दुकानात शिरायचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या बायकांचा हा हिशेब पार बदलून गेला. पुरुष लढाईवर गेल्यामुळे कारखान्यांत, कचेऱ्यांत बायकांना काम मिळत होते, हातात पगार येत होता. दुकानेही उघडी होती. पण १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आले आणि पैशांच्या जोडीला कूपने मोजावी लागू लागली.

सुरुवातीला माणशी वर्षाला ६६ कूपने मिळत. लोकरीच्या झग्याला ११, ब्लाऊजला ५, बायकांच्या बुटांना ५, लांब मोज्यांच्या जोडीला २. घरी विणू म्हटले तर दोन औंस लोकरीलाही एक कूपन. पुढे तर ही ६६ कूपनेही कमी होत गेली. बँकेत उभा जन्म काढलेल्या माझ्यासारखीला या आकड्यांत एक दुसरे चलनच दिसते. दुकानदारांनी गोळा केलेल्या कूपनांसाठी तिथल्या बँकांनी खरोखरच खाती उघडली होती. पण या चलनाचा स्वभाव वेगळा होता. जादा काम करून जादा पैसा मिळवता येतो. कूपने मात्र कायद्याने ठरलेली तेवढीच. नाताळात बहिणीला मोजे द्यायचे, तर ती दोन कूपने स्वतःच्या कपड्यांतूनच वजा व्हायची.

मग नाताळ जवळ आला की या बायकांना काय हवेसे वाटत असेल? हिरे, दागिने, फरचे कोट नव्हे. रेशमी मोजे हवे असत. कचेरीत उघड्या पायांनी जाणे तेव्हा बरे दिसत नसे, आणि रेशीम तर पॅराशूटकडे वळवलेले. नायलॉनचे मोजे अमेरिकेत मे १९४०मध्ये सर्वत्र विक्रीला आले खरे, पण ब्रिटनमधल्या पोरींना ते दिसले ते बहुधा अमेरिकन सैनिकांच्या हातात. ज्यांना तेही मिळाले नाहीत, त्यांनी पायांना तपकिरी रंग फासला आणि मैत्रिणीकडून पोटरीवर भुवयांच्या पेन्सिलने मागची शिवण काढून घेतली. लांबून पाहणाऱ्याला मोजे घातल्यासारखेच वाटे.

साबणही हवा असे. फेब्रुवारी १९४२पासून साबणावर रेशनिंग आले. कपडे धुण्याचा आणि अंगाचा साबण एकाच हिश्श्यातून घ्यायचा. घरात पोरेबाळे असली की अंगाच्या साबणावर पाणी सोडावे लागे. अशा वेळी वासाची एक वडी कुणी हातावर ठेवली, तर ती भेट किती मोठी!

आणि कांदा! नाशिक-लासलगावच्या लोकांना हसू येईल, पण १९४०मध्ये फ्रान्स पडल्यावर तिकडून येणारा कांदा बंद झाला. मग सोडतीत बक्षीस म्हणून कांदा ठेवल्याच्या हकिकती नोंदल्या गेल्या. लिंबू तर दृष्टीसही पडेना.

या सगळ्या यादीत चैनीची वस्तू शोधून सापडत नाही. युद्धापूर्वी ज्यांच्याकडे कुणी वळूनही पाहिले नसते, अशाच या गोष्टी. टंचाईने माणसाची हाव वाढते असे आपण म्हणतो. इथे मात्र इच्छा लहान होत होत अगदी रोजच्या वापरापर्यंत खाली आली.

याला आणखी एक बाजू आहे. रेशनचा वाटा कागदावर सारखा होता. चहा आठवड्याला दोन औंस, मोठ्या माणसाला अंडे साधारण एक. पण घराच्या उंबऱ्याआत आल्यावर तो वाटा सारखा राहत नसे. आईचे अंडे मुलाच्या ताटात जाई, तिची कूपने वाढत्या मुलांच्या कपड्यांवर खर्च होत. कूपनाच्या वहीवर तिचे नाव असे, वस्तू दुसऱ्याच्या अंगावर. अशा बाईने नाताळात स्वतःसाठी काही हवे म्हणणे हीच एक चैन होती.

बॅरो-इन-फर्नेस या गावातल्या नेला लास्ट या गृहिणीने युद्धकाळात ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेसाठी रोजनिशी लिहिली. १९८१मध्ये ती पुस्तकरूपाने आली. ही बाई चिंध्यांतून बाहुल्या आणि खेळणी शिवत असे. घर आणि नवरा यांपलीकडे आपल्याला काही येते, हे तिला त्या दिवसांत कळले. टंचाईने तिच्याकडून पुष्कळ काढून घेतले, पण हे एक देणे दिले.

मे १९४३मध्ये मुंबईतही धान्याचे रेशनिंग सुरू झाले. आमच्या आजीची त्या वर्षीची दिवाळी रांगेत गेली. तुला तेव्हा काय हवे होते, असे मी तिला एकदा विचारले. ती म्हणाली, “अगं, रांगेत माझ्या जागी दुसरं कुणीतरी उभं राहायला हवं होतं.” त्याच वर्षी, त्याच साम्राज्यात, बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. लंडनच्या बाईच्या हातात वही होती आणि तिच्या वाट्याची हमी होती. बंगालमधल्या खेड्यातल्या बाईजवळ तेवढेही नव्हते. कूपनाच्या त्या वहीला नावे ठेवताना हे विसरू नये.

ब्रिटनमध्ये कपड्यांवरचे रेशनिंग मार्च १९४९मध्ये उठले आणि शेवटचे, मांसावरचे, जुलै १९५४मध्ये. त्यानंतर दुकाने भरली, वह्या कोनाड्यात पडल्या. आज आपल्याकडे दिवाळीच्या भेटींचे ढीग लागतात आणि कुणी काय दिले ते पाडव्यापर्यंत आठवत नाही. कूपनांचे दिवस परत यावेत असे कोण म्हणेल? पण दोन कूपने खर्चून आणलेले ते मोजे ज्या बहिणीला मिळाले असतील, तिला ते कुणी दिले हे जन्मभर आठवले असणार. कारण देणारीने ते पैशातून नव्हे, स्वतःच्या वाट्यातून दिले होते.