योसेफाचे कोठार आणि उद्याचे पीक

मिसर देशाच्या फारोने स्वप्नात सात पुष्ट व सात रोड गायी पाहिल्या आणि योसेफाने त्या स्वप्नाचा अर्थ सांगितला, ही कथा आपल्या घरातील लहान मुलांसही ठाऊक आहे. सुकाळामागून दुष्काळ येणार, एवढे सांगून योसेफ थांबला नाही. सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा राखून ठेवावा, हा उपायही त्याने सुचविला. म्हणूनच मिसर देश वाचला.

आज पृथ्वीचे उष्णतामान वाढत असता पिकांचे पुढे काय होईल, याचे भाकीत शास्त्रज्ञ करीत आहेत. त्यांची रीत स्वप्नाची नसून हिशेबाची आहे. काहीजण जुन्या नोंदी चाळून कोणत्या वर्षी किती उष्मा होता व किती धान्य पिकले, हे ताडून पाहतात. काहीजण शेतातच उष्णता देणारी उपकरणे लावून पीक मुद्दाम तापलेल्या हवेत वाढवितात. तर काहीजण संगणकावर रोपाच्या रोजच्या वाढीचा हिशेब मांडतात.

भाताची गोष्ट घ्या. फिलिपाईन्स देशात लॉस बान्योस येथे १९६० साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे. तेथील नोंदींवरून २००४ साली असे दिसून आले की, १९७९ ते २००३ या काळात रात्रीचे किमान उष्णतामान एका अंशाहून थोडे अधिक वाढले होते. आणि कोरड्या हंगामात रात्र एक अंशाने उष्ण झाली की उत्पन्न सुमारे दहा टक्क्यांनी घटत होते. दिवसा कमावलेले अन्न रोप उष्ण रात्री अधिक खर्चून टाकते, असे याचे एक कारण मानले जाते. शिवाय फुलोऱ्याच्या वेळी पारा ३५ अंशांपलीकडे गेला, तर पराग निकामी होऊन दाणे पोचट राहतात.

साऱ्या जगाचा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झाला. पृथ्वीचे सरासरी उष्णतामान एका अंशाने वाढल्यास गहू सुमारे सहा टक्के, मका सात टक्क्यांहून थोडा अधिक, आणि भात व सोयाबीन तीन टक्क्यांच्या आसपास घटेल, असा तो हिशेब आहे.

परंतु वाचकहो, या हिशेबास एक अट जोडलेली आहे. शेतकऱ्याने काहीच बदलले नाही, नवे वाण काढले नाही, आणि हवेतील वाढत्या कार्बन वायूचा पिकास होणारा लाभ धरला नाही, तर हे आकडे खरे ठरतील. तो लाभ भात-गव्हास काही अंशी मिळतो, हे खरे. पण त्याबरोबर दाण्यातील लोह व जस्त कमी होते, हेही प्रयोगांत आढळले आहे.

तेव्हा भाकीत म्हणजे अटळ शिक्षा नव्हे. तो वेळीच दिलेला इशारा आहे. गोव्याच्या खाजण शेतीत खारे पाणी सोसणारे कोरगूट हे भात आपल्या पूर्वजांनी जपले, बांध आणि मानशी राखल्या. समुद्राची पातळी वाढत असता हा वारसा मोडीत काढणे म्हणजे योसेफाचे कोठार स्वतःच्या हाताने फोडणे होय. जुने बियाणे घरी राखावे, पेरणीपूर्वी कृषी खात्याचा सल्ला घ्यावा, बांधाची डागडुजी गावाने मिळून करावी.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हवामान ही सर्वांची सामायिक ठेव असल्याची आठवण करून दिली. नव्या कणसांवर आशीर्वाद मागताना त्या ठेवीचा हिशेब देणेही आपल्याकडे आहे, याचा विसर पडू नये.