छायाचित्रकाराने स्वतःची ओळख कशी लिहावी?

‘निसर्गाची ओढ, क्षण टिपण्याचा छंद’ ही ओळख कुणाच्याही नावाखाली खपते, म्हणूनच ती कुणाचीच नसते. ‘नेरुळच्या पाणथळीवर उतरणारे रोहित पक्षी आणि त्यांच्यामागे उभे राहणारे टॉवर टिपतो’ एवढे लिहिले, तरी विषय, जागा आणि दृष्टी कळते. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली; पण त्यांची खरी ओळख मुंबईच्या सफाई कामगारांवरचे काम हीच आहे. फोटोच बोलतात, मग शब्द कशाला, असे कुणी म्हणेल. पण छायाचित्रकार त्या जागी किती वर्षे जातो, कशासाठी टिपतो, हे फोटो सांगत नाही. पुरस्कार जरूर लिहावेत, मात्र कामानंतर. कॅमेऱ्याचे मॉडेल गाळले तरी चालेल. वाचकाचा विश्वास नेमकेपणावरच बसतो.